सोळा इंचांचा कायदा

अमेरिकेत एखाद्या रायफलीची नळी पूर्ण सोळा इंच भरली, तर ती बाळगणारा मनुष्य कायदा पाळणारा सद्गृहस्थ ठरतो. तीच नळी अर्ध्या इंचाने कमी भरली आणि तिची नोंद सरकारदप्तरी नसली, तर त्याच सद्गृहस्थास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रायफल तीच, काडतूस तेच, आणि ज्याला गोळी लागेल त्याची गतही तीच. कायद्याला कोठे तरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य केले तरी ती रेघ नेमकी कशावर ओढली आहे हा प्रश्न उरतोच. कायद्याच्या मर्यादेत राहून अर्धस्वयंचलित रायफलींना नवनवे साज चढविण्याचा जो प्रचंड उद्योग त्या देशात गेल्या काही दशकांत उभा राहिला, त्याचे मर्म या प्रश्नात आहे.

हा उद्योग समजून घ्यावयाचा, तर आधी ती रायफल समजून घेतली पाहिजे. युजीन स्टोनर या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘आर्मालाइट’ कंपनीसाठी एआर-१५ ची रचना केली. १९५९ मध्ये तिचे हक्क ‘कोल्ट’ कंपनीकडे गेले. तिचे स्वयंचलित रूप एम-१६ या नावाने सैन्यात दाखल झाले, आणि चाप एकदा ओढला की एकच गोळी सोडणारे अर्धस्वयंचलित रूप १९६४ पासून नागरिकांना विकले जाऊ लागले. या रचनेचा विशेष असा की, तिचे बहुतेक भाग सुटे होतात आणि घरच्या टेबलावर साध्या हत्यारांनी बदलता येतात. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे ज्याच्यावर क्रमांक कोरलेला असतो तो खालचा सांगाडा तेवढा. नळी, दस्ता, मूठ, दुर्बीण हे सारे ‘सुटे भाग’. ते सायकलीच्या घंटीसारखे टपालाने मागविता येतात. न्यू जर्सीतील पिकाटिनी येथील लष्करी शस्त्रागाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाचांच्या पट्टीचे माप १९९५ मध्ये प्रमाणित झाले आणि वाटेल त्या कारखान्याचा वाटेल तो साज वाटेल त्या रायफलीवर बसू लागला. आज तेथे या जातीच्या रायफली दोन कोटींहून अधिक असाव्यात, असा शस्त्रउद्योगाच्या संघटनेचा अंदाज आहे.

या दोन कोटींच्या मालकांना सरसकट खुनशी म्हणणे हा अन्याय होईल. ठेंगण्या बाईला आणि धिप्पाड पुरुषाला एकच रायफल खांद्याला लावता यावी म्हणून दस्ता मागेपुढे सरकणारा हवा, यात गैर काय? सायलेन्सर म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातला मारेकरी उभा राहतो; पण नॉर्वेसारख्या देशात शिकारी तो सर्रास वापरतात, कारण त्याने कानाचे पडदे शाबूत राहतात आणि शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. आपल्या वस्तूला हात लावावा, ती आपल्या बेताची करून घ्यावी, ही माणसाची जुनीच हौस आहे. आणि अशा हौशी लोकांपैकी बहुतेक जण कायद्याची कलमे वकिलाइतकी पाठ करून बसलेले असतात. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती ज्या कायद्याने त्यांना हे पाठांतर करावयास लावले त्याच्याबद्दल.

सोळा इंचांचा इतिहासच पाहावा. दारूबंदीच्या काळात शिकागोसारख्या शहरांत टोळीवाल्यांनी टॉमी गनने जो धुमाकूळ घातला, त्यातून १९३४ चा राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा जन्मास आला. मशीनगन, सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुका यांवर दोनशे डॉलरांचा कर बसला आणि त्यांची नोंदणी सक्तीची झाली. मूळ मसुद्यात पिस्तुलांचाही समावेश होता. पिस्तुलांवर बंधन आल्यावर लोक रायफल कापून तिचेच पिस्तूल करतील, या भयाने आखूड रायफलींचे कलम घातलेले होते. पुढे विरोध झाला म्हणून पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली. ज्या पळवाटेवर पहारा बसवायचा ती वाटच उरली नाही, पहारेकरी मात्र जागच्या जागी उभा राहिला. रायफलीच्या नळीची मर्यादा आरंभी अठरा इंच होती, ती १९६० मध्ये सोळा झाली. परिणाम असा की, खिशात मावणारे पिस्तूल सहज विकत मिळते आणि चौदा इंची नळीच्या रायफलीसाठी अर्ज, छायाचित्र, बोटांचे ठसे आणि मंजुरीची प्रतीक्षा!

हा नुसता कागदी विनोद नव्हे. आयडाहो राज्यातील रँडी वीव्हर याच्यावर नळ्या कापून आखूड केलेल्या दोन शॉटगन सरकारी खबऱ्याला विकल्याचा आरोप होता. तो न्यायालयात हजर झाला नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये रूबी रिज येथील त्याच्या घराला वेढा पडला. त्यात त्याची पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि एक सरकारी अधिकारी असे तिघे प्राणास मुकले. पुढल्या वर्षी खटला चालला, तेव्हा शस्त्रांच्या आरोपातून ज्युरीने त्याला मुक्त केले.

अवयवांवर नेम धरण्याची ही पद्धत १९९४ च्या बंदीत कळसास पोहोचली. त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकी संसदेने काही रायफली नावानिशी बंद केल्या आणि उरलेल्यांसाठी लक्षणांची यादी दिली : सुट्या मॅगझीनच्या रायफलीला घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावण्याची खूंट, ज्वाळ झाकणारे तोंड अथवा ते बसविण्याचे आटे, आणि बॉम्बगोळे फेकण्याची सोय, यांपैकी दोन लक्षणे आढळली की ती निषिद्ध. कारखानदारांनी खूंट छाटली, आटे घासले, दस्ता पक्का केला आणि तीच रायफल नव्या नावाने दुकानात मांडली. संगीन लावून बँक लुटणारा दरोडेखोर तोवर कोणाच्या ऐकिवात होता, हे ती यादी करणारेच जाणोत. दहापेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या नव्या मॅगझिनांवरही याच कायद्याने बंदी घातली होती. हा त्यातला खरा अर्थपूर्ण भाग. पण आधी तयार झालेली मॅगझीने चालू ठेवण्याची मुभा दिली गेली आणि त्यामुळे दुकाने भरलेलीच राहिली. दहा वर्षांची मुदत सप्टेंबर २००४ मध्ये संपली आणि कायदा आपोआप गेला.

कॅलिफोर्नियाने हीच वाट अधिक चिकाटीने चोखाळली. तेथे सुटे मॅगझीन आणि विशिष्ट मूठ यांच्या एकत्र असण्यास बंदी झाली. परंतु मॅगझीन काढण्यास हत्यार लागत असेल तर ते ‘सुटे’ नव्हे, आणि काडतुसाचे टोक हे हत्यारच, असे नियमात लिहिलेले होते. झाले! बोटाने न दबणारी पण काडतुसाच्या टोकाने दबणारी कळ बाजारात आली. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनो येथे चौदा जणांची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्यांकडील दोन रायफली अशाच कळीच्या, मुळात कायदेशीरपणे विकल्या गेलेल्या होत्या. हाती आल्यावर त्यांत बेकायदा फेरफार झाले होते. २०१६ मध्ये ती कळ बंद झाली. लगेच मुठीच्या मागे माशाच्या परासारखी पट्टी आली. अंगठा मुठीभोवती वळत नाही, म्हणून ती मूठ ‘पिस्तुलासारखी’ नाही! मांजर-उंदराचा हा खेळ पाहून हसू येते. पण प्रत्येक डावाच्या आरंभी कोठे तरी प्रेते पडलेली असतात, हे ध्यानात आले की ते हसू मावळते.

याहून गंभीर प्रकरण बंप स्टॉकचे. हा दस्ता असा की, गोळी सुटताच बसणाऱ्या धक्क्याने रायफल त्याच्यात मागे सरते, दुसऱ्या हाताच्या रेट्याने पुढे येते आणि स्थिर बोटावर चाप पुनःपुन्हा आदळतो. मशीनगनची कायदेशीर व्याख्या ‘चापाच्या एका क्रियेने एकाहून अधिक गोळ्या सोडणारे शस्त्र’ अशी असल्यामुळे संघराज्याच्या शस्त्र खात्याने २०१० साली या साधनाला हरकत नसल्याचे पत्र दिले. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगास येथे एका माणसाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून अशाच दस्त्यांच्या रायफलींनी संगीत महोत्सवाच्या गर्दीवर दहा-अकरा मिनिटांत हजारावर गोळ्या झाडल्या. अठ्ठावन्न माणसे तेव्हा मेली. जखमांनी पुढे आणखी दोघे दगावले. मग त्याच खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये त्याच व्याख्येचा उलटा अर्थ लावून बंदी घातली आणि मालकांना ते दस्ते नष्ट करावयास वा जमा करावयास सांगितले. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मताने ती बंदी रद्द केली. न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालपत्रात चापाच्या अंतर्रचनेच्या आकृत्या आहेत. प्रत्येक गोळीगणिक चाप सुटतो आणि पुन्हा ओढला जातो, म्हणून क्रिया एक नव्हे, असा त्यांचा तर्क.

व्याकरणाच्या दृष्टीने हा तर्क बिनचूक असेल. साठ माणसांच्या दृष्टीने चाप एकदा ओढला की हजारदा, याला काय अर्थ आहे? परंतु दोष सर्वस्वी न्यायालयाच्या माथी मारणेही बरे नव्हे. संसद कायदा दुरुस्त करू शकते, असे न्यायमूर्ती अलिटो यांनी सहमतीच्या निकालपत्रात स्पष्टच लिहिले. निकालानंतर चारच दिवसांनी सेनेटमध्ये बंदीचे विधेयक एकमताने संमत करण्याचा प्रयत्न झाला आणि एका सदस्याच्या हरकतीने तो तेथेच थांबला. ज्यांनी कायदा करावयाचा ते तो करीत नाहीत, म्हणून खाते पत्रे लिहिते. आणि खात्याची पत्रे सरकार बदलले की बदलतात.

हाताच्या पट्ट्याची कथाही अशीच. अपंग माजी सैनिकाला जड पिस्तूल एका हाताने धरता यावे म्हणून निघालेला पट्टा २०१२ मध्ये मान्य झाला. तो खांद्यालाही टेकविता येतो हे लोकांना कळावयास वेळ लागला नाही आणि आखूड रायफलीचे काम ‘पिस्तूल’ करू लागले. २०२३ मध्ये खात्याने अशी शस्त्रे आखूड रायफली ठरविली आणि लाखो नागरिकांना नोंदणी तरी करा, पट्टा तरी काढा, असे बजावले. पुढल्याच वर्षी टेक्सासमधील न्यायालयाने तो नियम रद्द केला. काल कायदेशीर, आज गुन्हा, उद्या पुन्हा कायदेशीर, असा अनुभव घेतलेल्या प्रामाणिक माणसाच्या मनात कायद्याविषयी आदर कोठून राहणार? शस्त्रनियंत्रणाच्या कट्टर विरोधकांनी केलेल्या प्रचारापेक्षा अशा धरसोडीनेच त्या चळवळीचे अधिक नुकसान केले, असे म्हणावे लागते.

कायद्याची रेघ सुट्या भागावर ओढली की काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण मात्र अमेरिकेबाहेरचे आहे. न्यूझीलंडमध्ये साध्या परवान्यावर अर्धस्वयंचलित रायफल मिळे; सातपेक्षा अधिक काडतुसांचे मॅगझीन तिला लावले की ती वरच्या, कडक परवान्याच्या वर्गात जाई. पण ते मोठे मॅगझीन नुसते विकत घेण्यास कसलाच परवाना लागत नसे. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एक्कावन्न माणसांना ठार करणाऱ्याने रायफली साध्या परवान्यावर घेतल्या होत्या आणि मॅगझीने विनापरवाना. मृतांत भारतीय नागरिकही होते. मोठे मॅगझीन रायफलीला जोडणे हा गुन्हा होता, पण ज्याने एक्कावन्न खुनांची तयारी केली तो त्या एका कलमाला भिणार होता काय? १० एप्रिलला न्यूझीलंडच्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक अर्धस्वयंचलित शस्त्रे आणि मोठी मॅगझीने बंद केली. त्यात मुठीचा आकार कोणी मोजत बसले नाही.

भारतात हा वाद उद्भवत नाही, कारण २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित रायफली निषिद्ध वर्गात आहेत आणि १९५९ च्या कायद्यानुसार बंदुकीची नळी विनापरवाना आखूड करणे हाच गुन्हा आहे. अर्थात देशी कट्टा करणारा लोहार यातले कोणतेच कलम वाचत नाही. तेव्हा आपणही फार शहाणपण मिरवू नये.

अमेरिकेत बंदुकीने होणारे बहुतेक खून पिस्तुलाने होतात, रायफलीने फार थोडे, असे रायफलप्रेमी सांगतात आणि ते खरे आहे. परंतु त्यावरून रायफल निरुपद्रवी ठरत नाही. तिच्या बाबतीत योग्य गोष्ट मोजली पाहिजे, एवढेच ठरते. एका दमात किती गोळ्या सुटतात, मॅगझीन बदलण्याआधी किती सुटतात, आणि ती कोणाच्या हाती, कोणत्या चौकशीनंतर पडते, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा कायदा संसदेने केला, तर दस्ता कसा असावा, मूठ कशी असावी, नळीला कोणते टोपण लावावे, हे हौशी लोकांवर खुशाल सोपवावे. उलट, गोळ्यांच्या वेगाला हात न लावता अंगठ्याची जागा ठरवीत बसलेला कायदा मारेकऱ्याला अडवीत नाही आणि सज्जनाला छळतो. चाप बोटाखाली जबरीने पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेसंबंधीचा खटला न्याय खात्याने मे २०२५ मध्ये तडजोडीने मिटविला आणि तिच्या विक्रीचा मार्ग मोकळा केला. म्हणजे गोळ्यांच्या वेगाबाबत दार किलकिले आणि सोळा इंचांबाबत आजही फूटपट्टी.

त्या फूटपट्टीचेही आता काय होईल याचा भरवसा नाही. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड रायफली यांवरील दोनशे डॉलरांचा कर शून्य झाला. मशीनगनवरचा राहिला. नोंदणी मात्र सर्वांची कायम आहे. कर वसूल करण्याच्या अधिकारात केलेली ही नोंदणी, करच उरला नसेल तर कोणत्या अधिकाराने चालू ठेवता, असा सवाल घेऊन शस्त्रप्रेमींच्या संघटना २०२५ मध्येच न्यायालयात गेल्या आहेत.