डोक्याला मार लागला होता का?

आमच्या सल्ला केंद्राच्या नोंदवहीत माझ्या अक्षरातली एक नोंद आहे : ‘बाई विसराळू. तारखा सांगता येत नाहीत. एकच गोष्ट तीनदा सांगते. मध्येच चिडते.’ लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तारखा नाहीत तर अर्ज कसा लिहायचा, एवढीच माझी अडचण होती.

बाई चाळिशीची. नवऱ्यानं घटस्फोटाची नोटीस धाडलेली, कारण ‘पत्नी मनोरुग्ण आहे’. गॅसवर भाजी ठेवते आणि विसरते, चहा करताना आधी काय नि नंतर काय ते चुकतं, पोरांवर खेकसते. त्याची नोटीस आणि माझी नोंद शेजारी ठेवली तर फारसा फरक नव्हता, हे आज लिहिताना लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला आमची एक मैत्रीण बसली होती. तिनं नर्स म्हणून बरीच वर्षं काढलेली. तिनं सहज विचारलं, “डोक्याला मार लागला होता का गं कधी?”

“कधी म्हणजे? केस धरून भिंतीवरच आपटतात ना,” बाई म्हणाली. दोनदा शुद्ध गेली होती. दवाखान्यात मात्र ‘चक्कर येऊन पडले’ असंच सांगितलं, कारण नवरा शेजारी उभा होता.

त्यानंतर मी मेंदूबद्दल जमेल तेवढं वाचलं. मेंदूवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, घड्या पडलेला एक थर असतो. त्याला कॉर्टेक्स म्हणतात. डोक्याच्या मागच्या भागात दिसण्याचं काम चालतं, कानाच्या वरच्या बाजूला ऐकण्याचं, टाळूखाली स्पर्शाचं. कपाळामागे फ्रंटल लोब. कामाचा क्रम लावणं, एक हातात असताना दुसरं लक्षात ठेवणं, आलेला राग आवरणं, हे बरंचसं त्याच्याकडे. (स्वयंपाक हे किती मोठं डोक्याचं काम आहे ते इथं कळतं. चार शेगड्यांचा हिशेब कपाळामागे चालू असतो.) आणि गंमत अशी, की डोकं मागून आपटलं तरी मेंदू पुढे जाऊन कपाळाच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो. मार मागे, इजा पुढे. बाहेरून टेंगूळसुद्धा दिसेलच असं नाही.

हा नकाशा कळला कसा? माणसांच्या जखमांवरून. अमेरिकेत १८४८ साली फिनियस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव बदलला, ठरवलेलं तडीस जाईना. पॅरिसमध्ये १८६१ साली ब्रोकानं ‘तान’ एवढंच बोलू शकणाऱ्या माणसाच्या मेंदूत बोलण्याची जागा दाखवली. दृष्टीची जागा रशिया-जपान युद्धात गोळी लागलेल्या सैनिकांवरून इनोये या जपानी डॉक्टरनं आखली. बायका अगदीच नव्हत्या असं नाही. १८७४ साली भाषा समजण्याची जागा सांगणाऱ्या व्हेर्निकेच्या पहिल्या रुग्णांत बायका होत्या, पण त्या आजारानं आलेल्या. कामावरचा मार, लढाईतला मार, खेळातला मार शास्त्रानं मोजला. घरातला मार कुणी मोजला नाही. मुष्टियोद्ध्यांची बुद्धी ठोसे खाऊन खालावते हे मार्टलंड यांनी १९२८ साली मांडलं. मार खाल्लेल्या बायकोच्या मेंदूत तसंच सापडल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये आली १९९० साली. बासष्ट वर्षं! तोवर काय बायकांना कुणी मारत नव्हतं? आपल्याकडे तर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही लग्न झालेल्या शंभरातल्या २९ बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं.

प्रत्येक विसराळू बाईच्या मेंदूला इजा झाली आहे असं मी म्हणत नाही. झोप नाही, अंगात रक्त नाही, सतत धास्ती, यानंही विसरायला होतं. ते डॉक्टरनं ठरवावं. पण डॉक्टरला मार लागल्याचं कळायला तर हवं! आणि सीटी स्कॅन साफ आला म्हणजे काही झालंच नाही, असंही नसतं.

हे मी बैठकीत मांडलं तेव्हा एकीनं रास्त शंका काढली. “मेंदूला इजा झाली असं आपणच लिहून दिलं, तर नवऱ्याचा वकील तेच उचलेल. ‘बघा, वेडी आहे.’” ही भीती खोटी नाही. तरीही लपवावं असं मला वाटत नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण नुसता आजार पुरत नाही, तो किती तीव्र आहे ते पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलं आहे. शिवाय त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं, की अर्जदाराला स्वतःच्या गैरकृत्याचा फायदा घेता येणार नाही. ज्यानं डोकं आपटलं त्यानंच ‘हिचं डोकं ठिकाणावर नाही’ म्हणत कोर्टात यायचं, याला उत्तर द्यायचं तर मार कागदावर आणावाच लागेल. लपवलं तर ‘वेडी’ हा शब्द तसाच राहतो, फक्त त्याचं कारण नाहीसं होतं.

आता आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो : डोकं आपटलं का, किती वेळा, शुद्ध गेली का, गळा दाबला का. गळा दाबला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि गळ्यावर वळ उठतोच असं नाही. तारखांचा आग्रह सोडला. दिवाळीच्या आधी की नंतर, धाकटा कितवीत होता, असं विचारत गेलं की बायका बरोबर सांगतात. दवाखान्यात आमच्यातली एक सोबत जाते, नवरा बाहेर थांबतो, आणि केसपेपरवर ‘पडली’ऐवजी ‘मारहाण’ लिहायला लावतो. एका डॉक्टरांनी त्यावरून आमच्याशी वाद घातला. आम्हीही घातला.

त्या बाईचा दावा अजून चालू आहे. माझी जुनी नोंद मी खोडली नाही, खाली तारीख घालून नवी लिहिली. प्रश्नांचा कागद आम्ही छापून घेतला आहे. दुसऱ्या केंद्रांतल्या मैत्रिणींना हवा असेल तर पत्र टाका, पाठवू. तुम्ही विचारत असाल असा आणखी एखादा प्रश्न असेल तर तोही कळवा, कागदाच्या मागच्या बाजूला जागा आहे.