हत्ती आपल्या पायांनी आला काय?

भायखळ्याच्या राणीबागेतलं म्युझियम १८७२ला उघडलं. नाव व्हिक्टोरिया-अल्बर्टचं. १९७५ला ते डॉ. भाऊ दाजी लाडांचं झालं. राणी गेली, पाटी बदलली. ठीक.

पण बाहेरचा दगडी हत्ती बघा. घारापुरीचा. १८६४ला गोरे त्याला विलायतेला न्यायला निघाले. क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले. ते राणीबागेत आले, १९१४ला जोडले. हत्ती काय आपल्या पायांनी चालत आला? ज्यांच्या खांद्यांनी तो उचलला, त्यांची नावं कोणत्या पाटीवर?

आत काचेमागं मुंबईच्या जातीधंद्यांचे मातीचे पुतळे. पुतळ्याला जात आहे, धंदा आहे. माणसाचं नाव नाही.

गोदीत ओझं उचलणारा मी विचारतो : दगडाला इतिहास, हमालाला नुसता घाम? पाट्या पुन्हा लिहा. उचलणाऱ्यापासून सुरुवात करा.