बंगल्यांचा शिंपी

गेल्या मे महिन्यात मावसभावाच्या बंगल्याची वास्तुशांत झाली. गावाचं नाव लिहीत नाही, हे वाचणारे निम्मे तिथे जेवायला होतेच. :) नगर जिल्ह्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. बंगल्याला पुढे रोमन खांब, जिन्याला दोन मजली काच, आणि ती काच बरोब्बर पश्चिमेला. दुपारी चार वाजता हॉलमध्ये दोन एसी चालू असूनही मावशी पदराने वारा घेत होती. शेवटी ती मागच्या जुन्या धाब्याच्या खोलीत जाऊन पडली. ही खोली आता पाडायची आहे म्हणे, दुसरी गाडी लावायला.

आर्किटेक्टसाहेबही आले होते. आसपासच्या तालुक्यांतल्या बड्या घरांचे बंगले तेच करतात. काचेबद्दल विचारलं तर हसून म्हणाले, "क्लायंटला तेच हवं असतं हो."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

भावाला शेजारच्यापेक्षा मोठा बंगला हवा होता. असू दे. पण पश्चिमेच्या काचेने काय होतं हे त्याने शिकायचं होतं की साहेबांनी? 1972 च्या कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. भिंती-काचांतून घरात किती उष्णता यावी याचा हिशेब सांगणारी इको निवास संहिताही 2018 पासून आहे. एवढं सगळं असून काम काय, तर होला हो! शिंपीसुद्धा माप घेतो. इथे मावशीला कोणी विचारलंच नाही की आजी, तुम्ही दुपारी कुठे बसता?

श्रीमंतीवर माझा राग नाही. नगरचा फराहबाग काही गरिबाचं घर नव्हतं. निजामशहाचा महाल तो, 1583 मध्ये पुरा झाला. आधीचं काम पसंत पडलं नाही म्हणून पाडून पुन्हा बांधायला लावलं असं सांगतात, म्हणजे असले क्लायंट तेव्हाही होते! पण बांधणाऱ्यांनी काय केलं पाहा. मधोमध अष्टकोनी महाल, भोवती तलाव, जाड भिंती, उंच घुमट आणि चारी बाजूंना प्रचंड कमानी, म्हणजे वारा पाण्यावरून आत यावा. थाट कुठे कमी होता? आज तलावाची दशा वाईट आहे, तरी भर उन्हात एकदा त्या कमानींखाली उभे राहून या.

(तो महाल पुरा करणारा सलाबतखान. त्याची स्वतःची डोंगरावरची कबर आज सगळे चांदबिबीचा महाल म्हणून बघून येतात. आमच्या बंगल्याच्या गेटवर मात्र आर्किटेक्टच्या नावाची पितळी पाटी आहे.)

असो. परवा भावाला फोन केला. म्हटलं, काचेला बाहेरून पडवी काढ, बुटकी कडुलिंबाची रोपं नको, मोठं झाड लाव, आणि ती खोली ठेव. म्हणाला, "दादा, पडवीने एलेव्हेशन बिघडतं, साहेब म्हणतात." खोलीचं मात्र बघू म्हणाला. मावशीने तिची खाट तिकडे हलवली आहे, ती काही आता काढू देणार नाही.