पापाचे वाटेकरी, सामर्थ्याचे वाटेकरी

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ती नाममहिम्यासाठी. 'मरा'चे 'राम' झाले आणि अंगावर वारूळ चढले, एवढेच बहुधा लक्षात राहते. या कथेचा कणा मात्र त्याआधीच्या प्रश्नात आहे. ज्यांच्यासाठी तू वाटमारी करतोस, ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील का, हे घरी विचारून ये, असे नारद सांगतात. आणि घर 'नाही' म्हणते. मायकेल चिक्लिस या अमेरिकन नटाच्या दोन मालिका पाठोपाठ पाहताना आम्हांला हा प्रश्न वारंवार आठवला. एका मालिकेने तो शेवटपर्यंत विचारला, दुसरीने तो शिताफीने टाळला.

चिक्लिस यांची कारकीर्द सरळ रेषेत गेलेली नाही. १९८९ च्या 'वायर्ड' या चित्रपटात त्यांनी जॉन बेलुशी या दिवंगत विनोदी नटाची भूमिका केली. चित्रपट पडला आणि नव्या नटालाही त्याची झळ बसली. पुढे 'द कमिश' (१९९१–९६) या मालिकेने त्यांना स्थैर्य दिले. तिच्यातील टोनी स्काली हा स्थूल, प्रेमळ, संसारी पोलीसप्रमुख त्यांनी साकारला तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. हा साचा मोडायला त्यांनी स्वतःचे शरीरच बदलले. डोके तुळतुळीत केले, व्यायामाने देह कमावला आणि २००२ मध्ये 'द शील्ड'मधील विक मॅकी म्हणून ते समोर आले. त्याच वर्षी या भूमिकेला एमी पुरस्कार मिळाला.

मॅकी हा लॉस एंजेलिसचा भ्रष्ट पोलीस. आपल्याविरुद्ध पुरावे गोळा करायला आलेल्या सहकाऱ्याला तो पहिल्याच भागात गोळी घालतो. प्रत्येक कृत्याचे त्याचे समर्थन एकच: कुटुंब. स्वमग्न मुलांच्या उपचारांना पैसा लागतो, घर चालवायचे असते. सात पर्वांनंतर, २००८ मध्ये, मालिका त्याला वाल्याच्या उंबरठ्यावर आणून उभी करते. पत्नी पोलिसांना सामील होते आणि मुलांना घेऊन त्याला कधीच सापडणार नाही अशा ठिकाणी निघून जाते. सर्व गुन्ह्यांची कबुली देऊन त्याने शिक्षेपासून अभय मिळवलेले असते. बदल्यात वाट्याला येते ती सरकारी कचेरीतील एक मेज. त्यावर मुलांची छायाचित्रे मांडून तो बसतो. हा प्रवेश जवळजवळ निःशब्द आहे. वाल्याला निदान नारद भेटले होते. मॅकीला कोणीही भेटत नाही.

यानंतर दोन वर्षांनी, २०१० मध्ये, एबीसी वाहिनीवर 'नो ऑर्डिनरी फॅमिली' आली. तिच्यातील जिम पॉवेल हा पोलिसांसाठी संशयितांची रेखाचित्रे काढणारा, घरात आणि कामावर सारखाच दुर्लक्षित पुरुष. मॅकी जिथे संपला, त्या मेजापासूनच जणू पॉवेलची सुरुवात होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात विमान कोसळते आणि परतल्यावर चौघांनाही अद्भुत शक्ती लाभल्याचे कळते. उपेक्षित बापाला बळ मिळते, वेळ न पुरणाऱ्या शास्त्रज्ञ आईला वेग, गोंधळलेल्या किशोरवयीन मुलीला मनकवडेपणा आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला असामान्य बुद्धी. जखम तशी मलमपट्टी!

आमचा आक्षेप नेमका या नेमकेपणावर आहे. अतिमानवी शक्ती हे साहित्यातले जुने आणि गंभीर रूपक आहे. आपल्या पुराणांत वर मिळतो, पण त्याच्या पोटात शाप दडलेला असतो. चिक्लिस यांना हे अपरिचित नव्हते. 'फॅन्टास्टिक फोर'च्या २००५ आणि २००७ मधील दोन चित्रपटांत त्यांनी साकारलेल्या बेन ग्रिमला बळ मिळते ते माणसाचा चेहरा गमावून, आणि त्याची वाग्दत्त वधू त्याच्याकडे पाठ फिरवते. पॉवेल कुटुंबाला मात्र किंमत अशी मोजावीच लागत नाही. खलनायक येतात, गुपिते फुटू पाहतात. पण मुळात बळ आले म्हणून घर सांधले, ही मांडणी अबाधित राहते.

यावर कोणी म्हणेल, सहकुटुंब पाहायच्या मालिकेकडून शोकांतिकेची अपेक्षा कशाला? शिवाय एका भूमिकेचे ओझे दुसरीवर का लादावे? पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की सौम्यता आणि पळवाट या वेगळ्या गोष्टी आहेत. 'द इन्क्रेडिबल्स' (२००४) हा मुलांसाठीचाच चित्रपट. पण बापाची पराक्रमाची हाव घराला संकटात लोटते, हे तो स्पष्ट दाखवतो. दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. संहिता स्वायत्त असते, हे आपण वर्गात शिकवतोच. परंतु 'पात्र' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, आणि नटाचे शरीर हे खरोखर भांडेच असते. आधी त्यात जे शिजले, त्याचा वास राहतोच. पॉवेल हाताने बंदुकीची गोळी झेलतो आणि आनंदाने उजळतो, तेव्हा हीच मूठ मॅकीने कशी वापरली, हे पाहणारा विसरत नाही. त्या आठवणीचा उपयोग करून घेणे लेखकांच्या हाती होते. घराच्या नावाने बळ वापरणाऱ्या बापाला एखाद्या भागात मुलांनी 'आमच्यासाठी नको' असे ठामपणे सांगितले असते, तर मालिका वेगळ्या उंचीवर गेली असती. ती वीस भागांनंतर २०११ मध्ये थांबली.

तिचे अपयश प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात मांडले जाते. आमच्या मते ते वाङ्मयीन आहे. कुटुंब हे सामर्थ्याचे सर्वांत सोयीचे निमित्त असते, हे जाणणारा नट तिच्याजवळ होता; घरी जाऊन विचारायला सांगणारा नारद मात्र तिच्या संहितेत नव्हता.