माळ पडीक नव्हे

येडशीजवळ रामलिंगाच्या दरींत जो कोणी गेला असेल, त्यास तेथील जटायूची समाधि ठाऊक असेलच. रावणाशीं झुंजून घायाळ झालेला तो पक्षिराज येथेंच पडला, अशी इकडील लोकांची श्रद्धा आहे. एका पक्ष्याची स्मृति इतक्या आदरानें जपणाऱ्या या मुलखांत दुसऱ्या एका पक्ष्याविषयीं दोन शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें. तो पक्षी म्हणजे माळढोक.

माळढोक हा उघड्या गवताळ माळाचा रहिवासी. नराची उंची सुमारें एक मीटर, वजन १५ किलोपर्यंत. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, पाठ तपकिरी. आफ्रिकेंतील सव्हाना नामक विस्तीर्ण गवताळ प्रदेशांत राहणारा कोरी हा त्याचा चुलतभाऊ होय. कोरीचा नर १८ किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत त्याहून जड पक्षी क्वचितच सांपडेल. दोघेही जमिनीवर चालून नाकतोडे, भुंगेरे व सरडे टिपतात. विणीच्या काळीं दोघांचेही नर गळा फुगवून घुमतात. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. तें गुरांच्या पायाखालीं गेलें, कीं ती वीण प्रायः फुकट गेली.

आमच्या मतें या पक्ष्याचा मोठा शत्रु एक शब्द आहे. तो शब्द 'पडीक'. ज्या जमिनीवर झाड नाहीं, पीक नाहीं, ती पडीक, असें आपण मानीत आलों. मग ती नांगरावी, नाहींतर तेथें झाडें लावावीं, हें ओघानेंच आलें. परंतु माळढोकास दूरवर दृष्टि पोहोंचेल असें मोकळें रान लागतें. झाडांची दाटी झाली, कीं तो माळ सोडून जातो. वृक्षारोपण हें पुण्यकर्म खरें. पण दुसऱ्याचें घर मोडून लावलेलें झाड पुण्याचें कसें म्हणावें? रामलिंगाच्या घाटांत झाडी शोभते. १९९७ मध्यें तेथें अभयारण्य झालें, हें योग्यच झालें. माळावर मात्र गवतच शोभतें.

याचा दाखला सोलापूरजवळ नान्नज येथें मिळतो. दुष्काळी भागाच्या योजनेंत चराई थांबवून राखलेल्या कुरणांत गवत वाढलें, आणि माळढोक तेथें विणीस येऊं लागला. १९७९ मध्यें सोलापूर व नगर या जिल्ह्यांतील ८४९६ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य ठरला. त्यांत गांवेंच्या गांवें आलीं, जमिनीच्या व्यवहारांस अडथळे आले आणि शेतकरी पक्ष्यावर रुसला. त्याची तक्रार अगदींच खोटी नव्हती. पुढें तें क्षेत्र सुमारें १२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. शेतकऱ्यास दुखवून पक्षी वांचत नाहीं, हा धडा आपण यांतून घ्यावा.

आतां नवें संकट विजेच्या तारांचें आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यानें समोरची तार त्यास वेळेवर दिसत नाहीं, आणि जड देह ऐनवेळीं वळवितां येत नाहीं. २०११ पासून माळढोक अतिसंकटग्रस्त गणला जातो. साऱ्या जगांत रानांत राहणारे माळढोक दोनशेंच्या आंत उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत. आपल्या महाराष्ट्रांत त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुढील पावसाळ्यांत हातीं कुदळ घेऊन माळावर जाल, तेव्हां खड्डा खणण्यापूर्वीं क्षणभर थांबा आणि हें कोणाचें घर आहे, तें पाहा. गांवाच्या कडेस, ओढ्याकांठीं, शाळेच्या आवारांत झाडें अवश्य लावा. गवताचा एखादा तुकडा मात्र तसाच राखा. रामचंद्र जटायूपाशीं पोहोंचले, तेव्हां त्याचे प्राण वांचविण्याची वेळ टळून गेली होती. माळढोकाची वेळ अद्यापि टळलेली नाहीं.