पायांच्या मुंग्या आणि कोबाल्ट

सांता क्लारा कशावर चालतं असं विचारलं तर इथलं शाळकरी पोरही 'सिलिकॉन' म्हणेल. मला मात्र इथे राहायला आल्यापासून कोबाल्टच जास्त दिसतो. इंटेलचं मुख्यालय याच गावात, अप्लाइड मटेरियल्सचंही इथेच. चिपमधल्या अतिबारीक जोडण्यांसाठी टंगस्टन आणि तांब्याच्या जागी कोबाल्ट वापरता येतो, हे या दुसऱ्या कंपनीने २०१८ साली मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. आपल्या खिशातल्या फोनच्या बॅटरीतही लिथियमच्या सोबतीला बहुधा कोबाल्टच असतो, आणि तोही काही ग्रॅम. आपल्या अख्ख्या देहात कोबाल्ट किती? जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. तेवढा जरी कमी पडला तरी माणूस चालताना भिंत धरू लागतो.

आजचा विषय हाच. साठी-सत्तरी ओलांडलेली आपली मंडळी भेटली की बोलणं थोड्याच वेळात पायांवर येतं. तळव्यांना मुंग्या येतात, चप्पल पायातून कधी निसटली कळत नाही, अंधारात तोल जातो, नावं आठवत नाहीत. त्यावर घरचेही म्हणतात आणि डॉक्टरही म्हणतात, "आता वय झालं." माझं स्पष्ट मत आहे की रक्तातलं बी-१२ मोजल्याशिवाय हे उत्तर कुणी स्वीकारू नये.

बी-१२ या जीवनसत्त्वाच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो, म्हणून त्याचं रासायनिक नाव कोबालामिन. धातूचा अणू पोटात घेऊन बसलेलं जीवनसत्त्व हे एवढं एकच. कोबाल्टभोवती चार नायट्रोजन चौकटीसारखे उभे, एक खालून धरून ठेवणारा, आणि वरची सहावी जागा बदलती. त्या जागी कार्बनचा एक गट येऊन बसतो, गरज पडली की सुटतो, दुसरीकडे जातो. धातू आणि कार्बन यांची अशी सहज जुळणारी आणि सहज सुटणारी गाठ सजीवांत फार दुर्मीळ. मज्जातंतूंवरचं आवरण नीट राहणं आणि रक्तपेशी वेळेवर तयार होणं या गाठीवर अवलंबून आहे. ही रचना डोरोथी हॉजकिन या ब्रिटिश विदुषीने क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ साली उलगडली आणि १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं. आपण घेतलेली ती लालभडक इंजेक्शनं आठवतात ना? तो लाल रंग या कोबाल्टच्या चौकटीचाच. कोबाल्ट शेजारी बदलले की रंग बदलतो. काचेत गेला की गर्द निळा होतो. कॅमेऱ्याच्या डब्यात ओल शोषायला निळे दाणे ठेवलेले असत आणि दमट हवेत ते गुलाबी होत, तेही कोबाल्टचंच मीठ.

हा कोबाल्ट आपल्यापर्यंत येतो कसा, ही गोष्ट मला फार आवडते. बी-१२ कुठलीही वनस्पती तयार करत नाही, कुठलाही प्राणी करत नाही. ते फक्त जिवाणू करतात. गाई-मेंढ्या गवत खातात, गवतात मातीतला किंचित कोबाल्ट असतो, आणि त्यांच्या पहिल्या मोठ्या पोटात राहणारे जिवाणू त्याचं बी-१२ करतात. गेल्या शतकात ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये काही कुरणांवर मेंढ्या भरपूर चरूनही झिजून मरत. आधी लोहाची कमतरता समजून उपाय झाले. मग १९३५ च्या सुमारास कळलं की त्या जमिनीत कोबाल्टच नव्हता. चिमूटभर कोबाल्ट दिला आणि मेंढ्या उभ्या राहिल्या.

आता पाहा, तोरा आपल्याला कोणते चतुष्पाद खायला परवानगी देते? ज्यांचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करतात ते. रवंथ करणारं जनावर म्हणजेच हा बी-१२ चा कारखाना. तोरेत रसायनशास्त्र लपलंय असा दावा मी करणार नाही, तसे दावे करणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण परिणाम असा की कोकणात आपल्या वाडवडिलांच्या ताटात बकऱ्याचं मटण, विस्तवावर भाजलेली कलेजी आणि बांगडा-तारली असायची आणि बी-१२ ची चिंता त्यांना करावी लागत नव्हती. कलेजी तर या जीवनसत्त्वाचं कोठारच. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनट आणि मर्फी यांनी असाध्य पांडुरोगाच्या रोग्यांना रोज कलेजी खाऊ घालूनच बरं केलं होतं.

इथे आल्यावर ते ताट बदलतं. कोशेर मटण सहज मिळत नाही, मिळालं तर महाग. मग काटेकोरपणे पाळणारी मंडळी घराबाहेर शाकाहारी होतात आणि हळूहळू घरातही. एल कॅमिनो रियलवर इडली-डोसा हवा तेवढा मिळतो, त्यामुळे गैरसोय जाणवत नाही. उरते ती शब्बाथची कोंबडी. तेवढ्यावर माणूस स्वतःला मांसाहारी समजतो आणि डॉक्टरांनाही तसंच सांगतो. पण कोंबडी रवंथ करत नाही! शंभर ग्रॅम कोंबडीच्या छातीच्या मांसात बी-१२ असतं सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम. रोजची गरज इथल्या हिशेबाने २.४. एक कपभर दुधात एकापेक्षा थोडं जास्त मिळतं, एका अंड्यात साधारण अर्धा. तारलीच्या शंभर ग्रॅममध्ये मात्र आठच्या आसपास. तारली आणि बांगडा दोघांनाही पंख आहेत, खवले आहेत, आणि इथे डबाबंद तारली कुठल्याही दुकानात मिळते. सर्वांत जास्त बी-१२ असतं तिसऱ्यांत, पण त्या आपल्याला वर्ज्य, तेव्हा तो विषय सोडू.

यकृतात बी-१२ चा साठा तीन ते पाच वर्षं पुरेल एवढा असतो. म्हणून आहार बदलल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. अमेरिकेला येऊन चार वर्षं झाली, सगळं छान चाललंय, आणि मग पाय बधिर होतात. चार वर्षांपूर्वी सुटलेलं मटण तेव्हा कुणाला आठवणार?

वयाचाही भाग आहेच. पोटातलं आम्ल वयानुसार कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सोडवायला तेच लागतं. पित्तासाठी वर्षानुवर्षे ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल घेणाऱ्यांचं आम्ल आणखी कमी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आतड्यातून बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं. त्यांची पातळी अधूनमधून तपासावी असं अमेरिकेतली मधुमेह संघटनाही सांगते. सरसकट सगळ्यांची तपासणी करा असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही, ज्यांना धोका आहे त्यांची करा म्हणतं. माझा मुद्दा एवढाच की मधुमेह, पित्ताच्या गोळ्या आणि आठवड्यातून एकदा कोंबडी ही तीन लक्षणं मोजली तर आपल्यातले किती ज्येष्ठ त्या यादीतून सुटतात?

"पण माझं हिमोग्लोबिन उत्तम आहे" हे वाक्य मी नेहमी ऐकतो. यात एक मोठी गफलत आहे आणि तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत जातो. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गरोदर बायकांना, विशेषतः गिरणी कामगारांच्या घरांतल्या गरीब बायकांना, होणारा जीवघेणा पांडुरोग तिला शोधायचा होता. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्याने त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ साली दाखवलं. त्याच काळात आपल्या डॉ. जेरुशा झिराड कामा इस्पितळ सांभाळत होत्या आणि बाळंतिणी का दगावतात याच प्रश्नामागे होत्या. मार्माइटमधला तो गुणकारी घटक म्हणजे पुढे नाव मिळालेलं फॉलिक आम्ल. ते हाती आल्यावर १९४० च्या दशकात बी-१२ च्या रोग्यांनाही दिलं गेलं. रक्त झकास सुधारलं, पण मज्जारज्जूचा ऱ्हास चालूच राहिला. म्हणजे फॉलिक आम्ल रक्तातली खूण पुसतं आणि चोर घरातच राहतो. अमेरिकेत १९९८ पासून पांढऱ्या पिठात फॉलिक आम्ल घालणं सक्तीचं आहे. ते चांगल्या हेतूने, अर्भकांसाठी. पण इथला पाव खाणाऱ्या आजोबांचं हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून त्यांच्या नसाही चांगल्या आहेत, असं मानता येत नाही. बी-१२ वेगळं मोजायला सांगा. आकडा काठावर असेल तर मिथिलमॅलोनिक आम्लाची तपासणी करता येते. बी-१२ कमी पडलं की ते रक्तात साचतं. कमतरता लवकर सापडली तर मुंग्या जातात, स्मृतीही सुधारते. फार उशीर झाला तर नसांची हानी पुरती भरून येत नाही. घाई करायची ती यासाठी.

मोबाईलवरून येणारे दोन सल्ले इथेच निकालात काढतो. आंबवलेल्या पिठातून पुरेसं बी-१२ मिळतं यावर विसंबू नये. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं पण आपल्या कामाला न येणारं असतं. आणि सायनोकोबालामिनमध्ये सायनाइड आहे म्हणून घाबरवणारेही असतात. आहे खरं, पण हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीत वीसेक मायक्रोग्रॅम, म्हणजे नगण्य. मूत्रपिंडाचा किंवा डोळ्याच्या शिरेचा आजार असणाऱ्यांनी तेवढं डॉक्टरांना विचारून दुसरा प्रकार घ्यावा.

मग कोबाल्ट जास्त झाला तर? हा प्रश्न रास्त आहे. चौकटीत बांधलेला कोबाल्ट वेगळा आणि मोकळा कोबाल्ट वेगळा. एकेकाळी पांडुरोगावर कोबाल्ट क्लोराइड देत असत. त्याने थायरॉइड बिघडे, मळमळ होई, आणि ते औषध मागे पडलं. १९६५-६६ साली कॅनडात क्वेबेकमध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्ट सल्फेट घातलं गेलं आणि भरपूर बिअर पिणाऱ्या वीसेक माणसांचं हृदय निकामी होऊन ती दगावली. कर्करोगासाठी कोबाल्ट मशीनचे शेक घेतलेल्यांनी मात्र निश्चिंत असावं. तो किरणोत्सारी कोबाल्ट यंत्रातच राहतो, अंगात काही शिरत नाही.

काळजी करावी अशी एक गोष्ट आहे, ती खुब्याची. कृत्रिम सांध्यांत कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू वापरतात, कारण तो कठीण असतो आणि गंजत नाही. त्याचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत फिरत असेल तर सहसा त्रास नाही. पण गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची असेल तर घासून बारीक कण सुटतात आणि त्यातला कोबाल्ट रक्तात उतरतो. डीप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा असा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवलेला होता. मुंबईतल्या रुग्णांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, केंद्र सरकारने २०१७ साली तज्ज्ञांची समिती नेमली आणि पुढच्या वर्षी भरपाईचं सूत्र ठरलं. रक्तात कोबाल्ट वाढला की कान जड होतात, दृष्टी मंदावते, हृदय थकतं आणि हातापायांना मुंग्या येतात. म्हणजे कमी पडला तरी मुंग्या आणि जास्त झाला तरी मुंग्या. डॉक्टरांना खुब्याचं सांगितलं नाही तर त्यांना हे सुचणं कठीण, कारण शस्त्रक्रिया मुंबईत झालेली आणि कागद तिथल्या कपाटात.

तेव्हा २०१० च्या आधी ज्यांचा खुबा बदलला आहे त्यांनी शस्त्रक्रियेचे कागद मागवून घ्यावेत. त्यावर सांध्याच्या नावाची चिकटपट्टी असते. तिचा फोटो भाच्या-पुतण्याला फोनवरून पाठवायला सांगा. वाटी धातूची निघाली तर रक्तातला कोबाल्ट मोजून घ्या. लिटरमागे सातपेक्षा जास्त मायक्रोग्रॅम आला तर हाडांच्या डॉक्टरांकडे लगेच जा.

आणि बी-१२ ची गोळी घेताना एक लक्षात ठेवा. आतलं जीवनसत्त्व हल्ली जिवाणूंकडूनच बनवतात, त्यामुळे त्याची अडचण नाही. अडचण असते बाहेरच्या जिलेटिनच्या कॅप्सूलची. चघळायच्या किंवा जिभेखाली विरघळणाऱ्या साध्या गोळ्या घ्या आणि डबीवर कोशेरचा शिक्का पाहा. हजार मायक्रोग्रॅम हा आकडा पाहून दचकू नका. एवढ्या मोठ्या मात्रेतला शंभरातला एखादाच भाग आतड्यातून आपोआप आत जातो, पण पोटात आम्ल कमी असलेल्यालाही तो पुरतो. बऱ्याच जणांची इंजेक्शनं त्यामुळेच टळतात. किती दिवस घ्यायची आणि पुन्हा कधी मोजायचं, हे मात्र तुमचा अहवाल पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं.