राणी गादीवर, कायदा मात्र मनूचाच!

प्रभात फिल्म कंपनीचा 'अमरज्योती' हा चित्रपट १९३६ सालचा. व्ही. शांताराम यांनी तो पुण्याच्या स्टुडिओत हिंदी भाषेत काढला. जहाजे लुटणाऱ्या एका स्त्रीची, चाच्यांच्या म्होरकीची ही कथा. तिची, म्हणजे सौदामिनीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. अलीकडे मीरा रोड-भाईंदर परिसरातील आमच्या काही कार्यकर्त्यांनी आणि महिला मंडळातील भगिनींनी हा जुना चित्रपट पाहिला आणि मतांचे अक्षरशः दोन-तीन तट पडले. चित्रपटावरून भांडण कसले, असे कोणी म्हणेल. परंतु हे भांडण मोलाचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

कथा थोडक्यात अशी. एका कल्पित राज्यात स्त्रीला हक्कच नाहीत. ती नवऱ्याची दासी, एवढीच तिची कायद्यातली ओळख. सौदामिनी पोटच्या मुलाचा ताबा मागते. न्यायमंत्री दुर्जय तो नाकारतो. ती बंड करते, समुद्रावर जाते, राजसत्तेच्या गलबतावर हल्ला करते आणि हाती सापडलेल्या दुर्जयाचा पाय तोडते. राजकन्या नंदिनीच्या भूमिकेत शांता आपटे आहेत आणि दुर्जयाच्या भूमिकेत चंद्रमोहन. त्यांचे ते डोळे आजही विसरता येत नाहीत.

तरुण मुलांना चित्रपट संथ वाटला. संवाद नाटकी, गाणी जास्त, समुद्र स्टुडिओतला, हे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. भगिनींना मात्र सौदामिनी आपली वाटली. 'बाई मूल मागते आणि तिला लुटारू ठरवतात, हे आजही घडते,' असे एकीने सांगितले. जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांचा आक्षेप तिसराच होता. त्यांच्या मते हा सवर्ण सुधारकी चित्रपट. त्यात जातीचे नाव नाही. १९३६ सालीच बाबासाहेबांचे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मुंबईतील महार परिषदेत धर्मांतराचा प्रश्न समाजापुढे मांडला गेला. बाहेर एवढे वादळ असताना पडद्यावर मात्र कुठल्यातरी कल्पित देशाची राणी!

आक्षेप रास्त आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सिद्ध केले होते की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह स्त्रीवर लादले जातात. म्हणजे जातीला हात न लावता स्त्रीमुक्तीची गोष्ट सांगणे हे मुळावर घाव न घालता फांदी तोडण्यासारखे आहे. 'अमरज्योती'ने फांदीच तोडली. शेवटी तरुण नायक हा सौदामिनीचाच हरवलेला मुलगा निघतो, प्रेमी जुळतात आणि बंडाची धार बोथट होते.

तरीही हा चित्रपट टाकाऊ ठरवायला आमचे मन धजत नाही. त्याचे एक कारण जिव्हाळ्याचे आहे. त्याचे संगीत मास्टर कृष्णराव यांचे. याच कृष्णरावांनी पुढे बाबासाहेबांच्या विनंतीवरून बुद्धवंदनेला स्वरसाज दिला. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. या राज्यात अन्याय करणारी गादी एका राणीची आहे! सिंहासनावर बाई बसलेली आणि कायदा मात्र बाईला दासी ठरवणारा. दिग्दर्शकाच्या मनात असो वा नसो, आंबेडकरी माणसाने यातून घ्यायचा धडा हाच. आपल्यातले कोणी गादीवर बसले म्हणजे न्याय झाला, हा भ्रम आहे. गादीखालचा कायदा बदलला पाहिजे.

आणि हक्क मागणाऱ्याला लुटारू ठरवणे ही सत्तेची जुनी खोड आहे. याच कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी चाचा म्हटले. १८७१ साली त्याच इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या.

सौदामिनीने तलवार उचलली. दुर्जयाचा पाय तुटला, परंतु दुर्जयाचा कायदा तलवारीने तुटत नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली आणि पुढे हिंदू कोड बिल लिहून त्या कायद्याच्या मुळाशीच हात घातला. ते बिल रोखले गेले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. देशाच्या कायदामंत्र्याने स्त्रियांच्या हक्कासाठी खुर्ची लाथाडली, हे आपल्या लेकींना ठाऊक आहे काय?

त्या बिलाचे तुकडे करून पुढे कायदे झाले. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि 'त्याच्यानंतर' माता, अशी तरतूद आली. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहील, एवढीच सवलत. हा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे, हे विसरू नये. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'अनुपस्थितीत' असा लावला. म्हणजे बाप जिवंत असूनही मुलाकडे पाहत नसेल, तर आई पालक ठरते. आणि मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावणे महाराष्ट्र सरकारने सक्तीचे केले ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी. म्हणजे चित्रपटानंतर तब्बल ८८ वर्षांनी!

तेव्हा मीरा-भाईंदरच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या महापालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. गाद्यांवर राण्या आहेतच. परंतु नवऱ्याने टाकलेली, धुणीभांडी करून लेकरे शिकवणारी आपली भगिनी शाळेत किंवा रेशनच्या कार्यालयात जाते, तेव्हा तिला 'वडिलांची सही आणा' असे सांगितले गेले, तर तिच्यासोबत कोण उभे राहणार? वस्तीतल्या प्रत्येक विहारात महिन्यातून एकदा कायदा जाणणारा माणूस बसवा. १९९९ चा निकाल भगिनींना मराठीत समजावून सांगा, अर्ज लिहून द्या. सौदामिनीला समुद्रावर जावे लागले, कारण तिच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. आपल्या सौदामिनींना तसे जावे लागू नये.

जयभीम!